भुईला दिलेली

आमच्या वृद्धाश्रमात खाटेशेजारची फरशी अवेळी पुसली गेली की बायकांचे चेहरे उतरायचे. सकाळचा झाडू-पोछा सगळ्या दालनात व्हायचा, त्याचं कुणाला काही नसे. पण दुपारी किंवा तिन्हीसांजेला खांबची बाई बादली घेऊन आली आणि एकाच खाटेजवळ वाकून बसली, की बोलणी थांबत. तिनं फरशीवर शेणाचा हलका हात फिरवला, त्यावर पेंढा पसरला आणि पेंढ्यावर घोंगडी टाकली, की मग विचारायचं काही उरत नसे. जिची वेळ आली तिला बहुधा शुद्ध नसायची. ज्यांना असायची त्या भिंतीकडे तोंड करत.

मी तिथं नर्स होते. पेणला दवाखान्यात बरीच वर्षं काढली, मग वरिष्ठांशी एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि मी नोकरीला रामराम ठोकला. माझी जीभ तिखट आहे हे मला आईपासून सगळ्यांनी सांगून झालेलं आहे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत, एका ट्रस्टनं भाताच्या जुन्या गोदामात वृद्धाश्रम काढला होता. आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी नागोठण्यावरून एसटीनं पेणला घरी यायचं, असा माझा नेम होता. पुढच्या दालनात बायका, मागच्या दालनात पुरुष. गोणी जाऊन खाटा आल्या होत्या, तरी पावसाळ्यात भिंतींना कोंड्याचा वास सुटायचा. वारा फिरला की नदीपलीकडून केमिकल कंपनीचा वास यायचा, आणि शिफ्ट बदलल्याचा भोंगा ऐकून आमच्या आज्या चहाची वेळ ठरवायच्या.

खांबची बाई म्हणजे आमची सेविका. हायवेवरच्या खांब गावची, विधवा, कुळीथ-वालाच्या शेतात राबून हात दोरखंडासारखे झालेली. नावानं तिला कुणी हाक मारत नसे. माणूस खाटेवर मरू द्यायचा नाही, हा तिचा धर्म होता. जीव जाण्याआधी माणसाला भुईवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाण्याचा थेंब घालायचा. मी एकदा चिडून विचारलं होतं की एवढा अट्टहास कशाला. ती म्हणाली, “खाटंवर जीव गेला तं ती खाट पाठीवर घेऊन फिरावी लागते, सिस्टर. वर गेल्याव पन.” मी हसले. पण त्या संध्याकाळी दालनातून जाताना लोखंडी खाटांची रांग बघितली आणि त्या सगळ्या चालताहेत असं उगीच डोळ्यांसमोर आलं. त्यानंतर मी तिची त्यावरून थट्टा केली नाही.

हा रिवाज आमच्याकडे कुणी लिहून दिलेला नव्हता. कुणाला शेवटी दवाखान्यात न्यायचं, कुणाला नाही, नळी घालायची की नाही, हे त्या काळी नातेवाईक दारात उभ्या उभ्या ठरवत. म्हाताऱ्या माणसाला तर कुणी विचारतच नसे. विचारणं म्हणजे मरणाचं आवतण देणं, अशी समजूत. मलाही ते विचारायला सुचलं नव्हतं. एका आजीनं मात्र कुणी न विचारता सांगितलं.

तिला आम्ही तेलीणआजी म्हणायचो, आणि तिला ते आवडायचं. ती यहुदी होती. कोकणातले आमचे यहुदी लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. तिच्या वडलांचा घाणा होता. बोलणं आमच्यासारखंच, लुगडं आमच्यासारखंच, हातात हिरव्या बांगड्या होत्या त्या नवरा गेल्यावर काढलेल्या. मुलं इस्रायलला गेली, शेजारपाजार गेला, आळीतल्या घरांना कुलपं लागली. हिनं दोनदा तयारी केली आणि दोनदा राहिली. का राहिलीस म्हटलं की म्हणायची, “थंडी असते म्हणतात तिकडं.” याहून जास्त कारण तिनं कधी दिलं नाही.

खांबच्या बाईचं आणि तिचं मेतकूट जमलेलं होतं. एकीनं दुसरीचे केस विंचरावेत, दुसरीनं पहिलीला नारळाच्या दुधातला हलवा कसा जमतो ते सांगावं. दोघी भांडायच्याही, पण ते भांडण ऐकायला दालन कान लावून बसायचं.

एकदा तेलीणआजीच्या शेजारची बाई गेली. तिला खाली घेतलं, पान-पाणी झालं, आणि घटकाभरात ती संपली. तेलीणआजीनं वरून सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिनं आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

“माझ्या वेळंला मला हलवायचं नाय,” ती म्हणाली. “आमच्यात जाणाऱ्या माणसाला हात लावत नाय. बाबा सांगायचा, दिवा विझत आला की त्याला हात लावू नये. हात लावला तं तुम्हीच विझवलात.”

“आणि खाटंवर जाशील?” खांबच्या बाईनं विचारलं.

“जाईन. मेल्याव कुठंबी ठेव. मी काय तक्रार करणार हाय?”

खांबच्या बाईनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तेलीणआजीला ताप भरला. छातीत कफ दाटला, शुद्ध येत-जात राहिली. मी नेमकी शनिवार म्हणून पेणला आलेली. रोह्याचे डॉक्टर येऊन पाहून गेले आणि आज-उद्या म्हणाले. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर चढलेलं, एसटी बंद. पाणी उतरल्यावर मी पहिल्या गाडीनं अष्टमीला पोचले, तो दालनात शिरल्याशिरल्या पेंढ्याचा ओला वास आला. तेलीणआजीची खाट जागेवर नव्हती. ती बाहेर पडवीत उभी करून ठेवली होती आणि तिच्यावरून पाणी निथळत होतं. खाटेच्या जागी भुईवर घोंगडीत आजी पडली होती. ओठांच्या कोपऱ्यात तुळशीचं पान. उशाशी खांबची बाई रडून रडून डोळे सुजवून बसलेली.

माझा पारा चढला. “तिनं काय सांगितलं होतं तुला?”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “पन मला ती खाट घेऊन फिरताना दिसाय लागली. एवढीशी बाई ती. तिला ती खाट पेलंल का सांगा.”

तिनं वैर केलं असतं तर मी तिला हाकलून दिलं असतं. पण हे केलं होतं मायेपोटी, आणि मायेपोटी केलेल्या गोष्टीवर ओरडायला माझी जीभही वळली नाही.

आणि तेलीणआजी मेली नाही. उतरत्या दुपारी तिनं डोळे उघडले. आधी आढ्याकडे बघितलं, मग बाजूला हात फिरवला, पेंढा चाचपला. शेणाचा वास तिला आला असावा. अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं, “कोण गेलं गो?”

सगळ्या खाटांवरून बायका खाली बघत होत्या. आजीनं एकेकीचा चेहरा पाहिला, आणि मग तिला कळलं. ओठावरचं पान तिनं बोटानं काढलं आणि मुठीत धरून ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग मला सोसला असता. राग नव्हताच. घरातून निरोप घेऊन निघालेलं माणूस काही विसरलं म्हणून परत यावं आणि घरच्यांनी तोवर दार लावून घेतलेलं असावं, तशी ती दिसत होती.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. तिला परत खाटेवर घ्यायला कुणी तयार होईना. खांबच्या बाईचं म्हणणं असं की भुईला दिलेलं माणूस परत वर घेतलं तर भुई दुसरं मागते. मी म्हटलं, हे खूळ कुणी भरवलं तुझ्या डोक्यात. पण दालनातल्या सगळ्याच बायका तिच्या बाजूनं झाल्या. त्यांच्यातल्या एकीनं, जी एरवी माझ्याशी इंग्रजी शब्द पेरून बोलायची, तिनंही माझे हात धरले आणि म्हणाली, सिस्टर, राहू द्या तिला खाली, आमची तेवढी दया करा. डॉक्टरांनीही छाती नाजूक आहे, इतक्यात उचलाउचल नको, असं सांगितलं. त्यांचं कारण वेगळं होतं, पण बायकांच्या पथ्यावर पडलं.

तेलीणआजी बरेच दिवस भुईवर राहिली. ताप उतरला, भूक लागायला लागली, पण दालन तिच्याशी बोलेना. ताट तिच्यापुढं सरकवायच्या तेही हात लांब करून. जाता-येता तिची घोंगडी ओलांडायला लागू नये म्हणून लांबून वळसा घ्यायच्या. शेजारची एकजण संध्याकाळी दिवा लावायची तो तिच्या उशाशी ठेवायची. तेलीणआजी तो फुंकून टाकायची. ज्यांच्याबरोबर तिनं इतकी वर्षं वाल सोलले, त्यांच्या लेखी ती गेलेली होती. नुसती दिसत होती, इतकंच. मला त्या बायकांचा इतका संताप यायचा की माझ्या हातून एकदोन भांडी आपटली गेली.

आजी स्वतः मात्र ओरडली नाही. “खालून समदं दिसतं,” ती मला म्हणाली. “खाटांच्या खाली लिहिलंय बघ. अमक्याच्या स्मरणार्थ, तमकीच्या स्मरणार्थ. आपण मेलेल्यांच्या पाठीव निजतो हे मला वर असताना ठावंच नव्हतं.” खाटा देणगीतून आलेल्या, आणि देणाऱ्यांनी नावं खालच्या पट्टीवर रंगवून घेतलेली. मी हजारदा त्या खाटा झाडल्या होत्या, पण वाकून कधी वाचलं नव्हतं.

तिला ताकद आली तसं मी एक दिवस ठरवलंच. मागच्या दालनातल्या सेवकाला बोलावलं, पडवीतली खाट आत आणून तिच्या घोंगडीशेजारी मांडली आणि आम्ही दोघांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं. खांबची बाई त्या वेळी विहिरीवर निघून गेली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले की आता बघू कोण मागतं आणि काय मागतं. आठवडा उलटायच्या आत कोपऱ्यातली सर्वांत म्हातारी बाई झोपेतच गेली. तिची वेळ झालीच होती, नाडी कित्येक दिवस चुकत होती, हे मला माहीत होतं. दालनाला मात्र माहीत होतं ते निराळंच. मी एकेकीला समजावत फिरले. पण खरं सांगायचं तर, त्या आठवड्यानंतर मीही खाटेशेजारच्या त्या जागेवर पाय द्यायची नाही. कुणी विचारलं असतं तर मान्य केलं नसतं.

तेलीणआजी बदलली. खाटेच्या कडेला सरकून ती तासन्‌तास खाली बघत राहायची. मी विचारलं, काय आहे तिथं. ती म्हणाली, “मी हाय.” मला वाटलं भ्रम झाला. म्हणून नाव विचारलं, गाव विचारलं, सगळं बरोबर सांगितलं. मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही नुसतं अंग वर आणलंत. मी तिथंच राहिले. तुम्हाला दिसत नाय, पर त्या बघ कशा लांबून जातात.” खरंच, आजी वर आली तरी बायका त्या रिकाम्या फरशीला वळसाच घालत होत्या. मी वाकून तिचं पांघरूण नीट करून दिलं.

थंडीत तिनं खांबच्या बाईला पुन्हा समोर बसवलं. या वेळी तिला तिच्या नातवाची शपथ घ्यायला लावली. “एकदा तुझ्या रीतीनं मेले,” आजी म्हणाली. “आता माझ्या रीतीनं मरू दे. खाटंवरनं हलवायचं नाय. मी सांगितलं तरी नाय. तापात माणूस काय वाट्टंल ते बोलतं, त्याव जाऊ नको.” खांबच्या बाईनं शपथ घेतली. आजीला आणखी एक हवं होतं. त्यांच्यात जाणाऱ्याच्या कानात शेवटी त्यांच्या प्रार्थनेची एक ओळ म्हणतात. शेवटचं कानावर तेच पडायला हवं. म्हणायला आळीत कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिनं ती हिब्रू ओळ खांबच्या बाईला शिकवायला घेतली. माझी जीभ त्या शब्दांना अडखळायची. खांबच्या बाईनं ती ओळ जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवली आणि घोकून घोकून पाठ केली. भांडी घासताना तिच्या तोंडून ती ऐकू यायची. आजी हसून म्हणायची, “चाल बदललीस, पर चालंल. ऐकणारा समजून घेईल.”

उन्हाळ्यात तिनं अन्न सोडलं. मी दवाखान्याचं विचारलं, तिनं डोळ्यांनीच नाही म्हटलं. श्वास लांबत गेला. खांबच्या बाईनं फरशी पुसली नाही, बादलीला हात लावला नाही. खाटेशेजारी बसून राहिली आणि अधूनमधून स्वतःचेच हात मांड्यांखाली दाबून धरायची, ते आपणहून उठतील अशी भीती असल्यासारखी. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायचं काम मी करत होते, तेही इतक्या हळू की अंथरूण हलू नये.

दुपारी ऊन कौलांवरून उतरत होतं आणि आजी बोलली. कितीतरी वेळानं, आणि स्वच्छ.

“मला खाली घ्या गो.”

तापाचं होतं का? अंग गारच होतं. दालनातल्या बायकांची भीती सरावी म्हणून म्हणत होती का? की खाली राहिलेल्या तिच्याकडं तिला जायचं होतं? की आयुष्यभर आमच्यात राहून आमचीच रीत शेवटी तिच्या अंगात उतरली होती? तिनंच सांगितलं होतं की मी म्हटलं तरी नाही. पण सांगणारी ती थंडीतली बाई होती, आणि मागणारी समोर होती.

“घ्या ना गो,” ती पुन्हा म्हणाली, लहान पोरीसारखी.

खांबच्या बाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जन्मभर जे करत आली तेच तिच्याकडं मागितलं जात होतं, आणि शपथ आडवी होती. माझ्याकडून तिला काही सुचवण्याची अपेक्षा होती, हे मला दिसत होतं. मी हातातला बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. आजीचा एक हात खाटेवरून आधीच खाली लोंबला होता, बोटं फरशीपासून थोडी वर. खांबची बाई फरशीवर पालथी झोपली. फरशीवर आपला तळहात उताणा ठेवला आणि हळूहळू वर उचलला, आजीच्या बोटांना टेकेपर्यंत. आजीला हलवलं नाही. आजीची बोटं तो रापलेला, भुईसारखा भेगाळलेला तळवा चाचपत राहिली.

“घेतलंस?” आजीनं विचारलं.

“व्हय, आजी. घेतलं खाली.”

आजीच्या कपाळावरची आठी गेली. एक श्वास आला, मग बराच वेळ काही नाही, मग एक अर्धा. मी नाडीला हात लावला तेव्हा ती थांबलेली होती.

खांबची बाई तशीच पालथी होती, हात तसाच. थोड्या वेळानं ती उठून बसली आणि एकदम तिचा चेहरा बदलला.

“सिस्टर, ओळ राहिली.”

मी आजीचा लोंबता हात उचलून अंथरुणावर ठेवला.

“इतकी पाठ केलेली. शेवटचं कानात ती पडायची व्हती. तिथं मी खोटं बोलले.”

मग ती आजीच्या कानाशी वाकली आणि ती ओळ म्हणू लागली, ओवीच्या चालीत, पुन्हा पुन्हा. तिला थांबवावं असं मला वाटलं नाही. मुंबईहून आजीच्या समाजाची माणसं येईपर्यंत ती म्हणत होती, आणि मधेच थांबून मला विचारत होती की आता पोचतं का. मी दर वेळी हो म्हणत होते.